अकरा शेहेचाळीस

सिॲटलहून निघायलाच पन्नास मिनिटं उशीर.
कुणाची तरी बॅग चढली होती, माणूस चढला नव्हता.
डिस्पॅचरचा फोन आला:
मध्यरात्रीच्या आत मिनिआपोलिसला टेकत असाल तर निघा,
नाहीतर कॅप्टन हाउगेनना इथेच उतरवा,
कारण बाराच्या ठोक्याला ते पासष्ट होतात
आणि पासष्टचा माणूस
मागे दीडशे जण बसवून उडू शकत नाही.

स्वतःच्या चार सीटच्या विमानात उडू शकतो.
‘फक्त स्वतःला मारायची मुभा आहे,’
वेंडेल म्हणाला, आणि मला चेकलिस्ट वाचायला सांगितली.
(मराठीत मी त्याला अहो म्हटलं असतं.
इथे नुसता वेंडेल.)

पूर्वेकडे जाताना घड्याळ पुढे पळतं.
दोन तास मोंटाना आणि डाकोटाच्या अंधारात
कुणालाही न विचारता वजा होतात.
आज ते त्याच्या वयातून जात होते.

खाली बर्फ, मधूनच एखाद्या गावाचा दिवा.
तो म्हणाला, ‘ब्लूमिंग्टनच्या सभेत
तुझा हात वर होता. मी मागे बसलो होतो.’
मी इंधनाच्या आकड्यांकडे बघत राहिले.
होता. सदुसष्ट नको म्हणून होता.
ज्येष्ठतेच्या यादीत मी चार हजार एकशे अठरावी,
वरचा एक उतरला की खालचे सगळे एक पायरी चढतात,
आणि मला एक्केचाळिसावं लागलंय,
आणि अजून मी उजवीकडेच बसते.
सभेत मी मात्र हृदयविकाराबद्दल बोलले होते,
रिफ्लेक्सबद्दल, रात्रीच्या नजरेबद्दल.

‘साठचं पासष्ट केलं तेव्हा
मीही हात वर केला होता,’ तो म्हणाला,
‘नको म्हणून. सत्तेचाळीसचा होतो.
म्हाताऱ्यांनो, उठा, असं ओरडलोसुद्धा.
मग त्याच पाच वर्षांत
इंग्रिडचं कॉलेज झालं, बायकोची केमो झाली.’
पुढे काही बोलला नाही.
फार्गोच्या कंट्रोलरने फ्रीक्वेन्सी बदलायला सांगितली.

माझे वडील वीज मंडळातून अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी आले.
दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डबा मागितला.
आईने भरून दिला,
त्यांनी तो गच्चीवर बसून खाल्ला.
साठी बुद्धी नाठी, असं आम्ही सहज म्हणतो.
मनात त्याचं इंग्रजी करून पाहिलं.
यमक गेलं, आणि उरलं ते
भर सभेत माझ्याच तोंडचं वाक्य होतं.

उतरताना आडवा वारा, पंचवीस नॉट.
लँडिंग त्याचं. चाकं जोरात आदळली,
मागे एक लहान मूल रडलं.
आणि माझ्या डोक्यात पहिला शब्द आला: वय.
वारा त्यानंतर आला.
मागच्या महिन्यात डेन्व्हरला मी याहून वाईट आपटलं होतं,
तेव्हा सगळ्यांना वाराच दिसला होता.

अकरा शेहेचाळीस.
निरोपाला पाण्याची कमान असते,
अग्निशमनचे दोन बंब दोन बाजूंनी.
आज उणे चोवीस. पाणी हवेतच गोठलं असतं,
म्हणून रद्द. त्याऐवजी बर्फ वितळवणाऱ्या ट्रकवरच्या पोराने
हातमोज्याने सलाम ठोकला,
बहुधा त्याला कुणी सांगितलंही नसेल कुणाला.

गेटला लागलो, अकरा त्रेपन्न.
लोक उतरले. एका बाईने ‘थँक यू’ म्हटलं, माझ्याकडे बघून.
वेंडेलने पट्टा सोडला नाही.
‘सात मिनिटं आहेत,’ म्हणाला.
आम्ही बसलो. मी पेपरवर्क करायचं नाटक केलं,
त्याने थर्मासमधली गार कॉफी संपवली.
मग खुर्ची पूर्ण मागे सरकवली,
उंची खाली घेतली, पाठ सरळ केली,
हॉटेलची खोली सोडताना
माणूस उशी ठीक करतो तशी,
आणि टोपी घेऊन उठला.

सकाळपर्यंत यादीत मी चार हजार एकशे सतरावी असणार होते.
मी डावीकडे बघायचं नाही असं ठरवलं.
बघितलं.